पुतळ्यांच्या रस्त्यावरून

१२ जून २०२५
मिशिगन (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही)

प्रिय गिरिजा,

आशीर्वाद लिहावेत की नुसता नमस्कार, इथेच पेन अडलं होतं. तू वयाने लहान, म्हणून आशीर्वाद. आणि तू माझ्यावर रागावलेली आहेस, म्हणून नमस्कारही.

घरी सगळे बरे असाल. आईंचे गुडघे कसे आहेत? गच्चीवर वाळवणं घालायला अजून स्वतःच जातात का? त्या ऐकायच्या नाहीत, पण तू सांगत राहा. आर्यची शाळा सुरू होत असेल. त्याला मामी आठवते का गं?

कागदावरचं पत्र बघून तुला नवल वाटेल. इथे ओळखीचे एक कुमार म्हणून आहेत, ते मिरजेला घरी निघालेत. ते हे शैलामावशींच्या हातात देतील आणि मावशी तुला. फोन किंवा मेल करत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा फोन, आईंचा फोन, घरचं वायफाय, सगळं तुझ्या दादाने, श्रीरंगने बसवून दिलेलं आहे. तुमचे सांगलीतले मेसेज तो इथे अमेरिकेत, प्लेनोच्या आमच्या घरात बसून वाचायचा. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं आहे.

आन्या छान आहे. पुढचे दात पडलेत, त्यामुळे तिचा ‘श’ सगळीकडे शिट्टीसारखा वाजतो. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. पण आजीचं नाव निघालं की ‘माझी आजी’ एवढं मराठीतच म्हणते.

आता माझं. मी इथे पुतळे धुते. हसू नकोस. शिल्पं म्हणायला हवं, पण आन्या सगळ्यांना पुतळेच म्हणते आणि मलाही तेच तोंडात बसलंय. या गावाच्या डाउनटाउनमध्ये एक मोठा रस्ता आहे. विटांचे फुटपाथ, कॉफीची, खेळण्यांची, चष्म्यांची दुकानं. दरवर्षी मेमध्ये ठिकठिकाणच्या शिल्पकारांची कामं आणून या रस्त्यावर उभी करतात आणि थंडी पडायच्या आत परत पाठवतात. लोक माहितीपुस्तिका हातात घेऊन फिरतात, सगळ्यात आवडेल त्याला मत देतात. चुनखडीच्या दगडाचं एक अस्वल आहे, माझ्यापेक्षा उंच. बाकावर बसून डुलकी काढणारा ब्राँझचा म्हातारा आहे. लाल रंगाचं एक प्रचंड लोखंडी कडं आहे, मुलं त्यातून आरपार पळतात. आणि जुन्या गाड्यांच्या बंपरांची केलेली एक घोडी आणि तिचं शिंगरू. ते शिंगरू आन्याचं आहे, असं तिचं म्हणणं.

दुकानं उघडायच्या आधी मी बादली, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन निघते. पक्ष्यांची घाण, आइस्क्रीमचे चिकट हात, च्युइंगगम. ब्राँझला मेण लावून कापडाने घासायचं. ज्या संस्थेचं हे सगळं आहे तिथे बार्ब कोवाल्स्की नावाची बाई आहे, साठीची, मोठ्याने बोलणारी, मनाने फार चांगली. तिने मला ठेवून घेतलं. शाळा नसली की आन्या तिच्या ऑफिसात चित्रं रंगवत बसते. चाललंय बरं.

म्हणजे चाललं होतं.

मेमध्ये एक फोटोग्राफर फिरत होता. आन्या शिंगराच्या गळ्यात हात टाकून उभी, मागे मी बादली घेऊन, असा फोटो त्याने काढला. मी पाठ वळवेपर्यंत काढूनही झाला. छापू का, असं त्याने बार्बला विचारलं आणि ती माझ्या वतीने हो म्हणाली. तिची चूक नाही, मी इथे कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आता तो फोटो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, दिव्यांच्या खांबांवरच्या कापडी फलकांवर आहे, इंटरनेटवर आहे. खाली गावाचं नाव. गेल्या आठवड्यात निधीचा मेसेज आला. निधी प्लेनोला आमच्या शेजारी राहायची. ‘अगं, तिकडच्या नोव्हायच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय, तू मिशिगनला कधी गेलीस?’

परवा बार्ब म्हणाली, एका माणसाचा फोन आला होता, किती गोड बोलत होता! त्याला त्या फोटोची मोठी प्रत हवी होती. मुलगी रोज येते का, पुतळे किती वाजता धुतात, अशी प्रेमाने चौकशी केली म्हणे. नाव सांगितलं नाही. बार्ब आन्याला ‘ॲनिया’ म्हणते. ती हसत म्हणाली, “मी आतापर्यंत चुकीचं म्हणत होते. त्याने मला नीट म्हणायला शिकवलं. आऽन्या.”

मी बादली भरायला गेले.

गिरिजा, तू तो फोटो पाहिला आहेस का? पाहिला असशील आणि दादाला दाखवला असशील, तरी मी रागवणार नाही. फक्त मला कळव. त्याने आमच्या जवळ यायचं नाही, असा कोर्टाचा आदेश आहे. हे त्याने तुम्हाला सांगितलंय का? की मी मुलीला घेऊन पळाले, एवढंच? आमच्यात काय झालं ते लिहायला आज बसले नाही. मतभेद होते, असं समज.

काल सकाळी धुकं होतं. बाकावर एकाऐवजी दोघं बसलेले दिसले. ब्राँझचा म्हातारा आणि त्याच्या शेजारी टोपी घातलेला कुणीतरी, अगदी स्थिर. माझ्या हातून बादली पडली. तो माणूस उठला आणि ‘आर यू ओके?’ म्हणाला. बसची वाट बघत होता बिचारा.

उत्तर मावशींकडेच दे. त्यांच्या शेजारचे अरुणकाका मला मेलवरून पाठवतील, माझा मेलचा पत्ता कुमार त्यांना देतील. आईंना माझा नमस्कार सांगता आला तर सांग.

अस्मिता


६ जुलै २०२५

गिरिजा,

तुझं पत्र मिळालं. फोटो तू पाहिलास, आन्या किती मोठी झाली म्हणून तुला रडू आलं आणि तू तो लगेच दादाला पाठवलास. ठीक आहे. रागवणार नाही म्हटलं होतं, रागावलेली नाही. तू नसता पाठवलास तरी तो त्याच्यापर्यंत पोचलाच असता.

पण पुढचं मी तीनदा वाचलं. ‘आई पुढच्या आठवड्यात दादाकडे चाललीय. दादाच तिला तुमच्या गावी घेऊन येणार आहे. आजी नातीला भेटली तर त्यात भिण्यासारखं काय आहे, वहिनी?’

सांगते काय आहे ते. मागच्या पत्रात मतभेद लिहिलं, ते खरं नव्हतं.

श्रीरंगने माझ्यावर कधी हात उचलला नाही. तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. घरात तो आवाजही चढवत नसे. मी फोनवर जास्त वेळ बोलले, त्याच्या मित्रासमोर हसले, कोशिंबिरीत साखर घालायला विसरले, असं काही त्याला लागलं की तो गप्प व्हायचा. मग थोड्या वेळाने म्हणायचा, “चला, चक्कर मारून येऊ.” मला गाडी येत नव्हती, शिकू म्हटलं की नको म्हणायचा. प्लेनोत गाडीशिवाय बाईने जायचं तरी कुठे? आन्याला मागे कार सीटमध्ये बसवायचं आणि निघायचं. हायवेला लागलो की तो वेग वाढवायचा. ट्रकांच्या मधून. आणि मग स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवायचा.

“सॉरी म्हण.”

मी म्हणायचे.

“नीट ऐकू आलं नाही.”

मी ओरडून म्हणायचे. गाडी शेजारच्या लेनमध्ये सरकत असायची, मागून हॉर्न वाजत असायचे आणि तो माझ्याकडे बघून हसत असायचा. त्याला पुरेसं वाटलं की हात परत ठेवायचा. येताना आन्याला आइस्क्रीम घ्यायचा.

आई तिकडे आल्या होत्या तेव्हा एकदा त्याही मागे होत्या. त्यांनी पदराने आन्याचे डोळे झाकून धरले. घरी आल्यावर त्यांनी चहा केला आणि आम्ही तिघांनी तो प्यायला. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, मग त्यांना कशाला दोष देऊ?

मी बाहेर पडले ते आन्यामुळे. एक दिवस ती सोफ्यावर दोन बाहुल्या शेजारी शेजारी बसवून खेळत होती. एका बाहुलीचे हात तिने खाली केले आणि दुसरीला म्हणाली, “Say sorry.” त्याच आठवड्यात निधीने आम्हाला तिच्या गाडीतून तिथून बाहेर काढलं; पुढे कुठे गेलो ते मी तिलाही सांगितलं नव्हतं.

हे मी तुला तेव्हाच फोनवर सांगायला लागले होते. तू म्हणालीस, “दादा असा नाहीच,” आणि फोन ठेवलास.

आज बार्बला सगळं सांगितलं. ती खुर्चीतून उठली आणि बाहेर जाऊन सगळ्या खांबांवरचे फलक स्वतः शिडी लावून उतरवून आली. पोलिसांकडेही जाऊन आलो. त्यांनी आदेशाची प्रत घेतली, काही दिसलं तर लगेच फोन करा म्हणाले. दिसलं तर. दुसऱ्या गावी जाऊ का, असं शंभरदा मनात येतं. पण आन्याला आत्ता कुठे इथे एक मैत्रीण झाली आहे. आणि पळायचं ते किती वेळा?

माझं सोड. आईंना पाठवू नकोस. गुडघे दुखतात म्हण, डॉक्टर नको म्हणाले म्हण, काहीही म्हण. त्याला त्या नातीसाठी नको आहेत. त्यांना बघून मी धावत बाहेर येईन, म्हणून हव्या आहेत. आणि त्या त्याच्या गाडीत बसतील, गिरिजा.

हे अरुणकाकांच्या मेलवर पाठवते, मावशी तुला आणून देतील; लगेच उत्तर दे. माझ्यावर विश्वास नाही ठेवलास तरी चालेल, आईंना थांबव.

अस्मिता


२९ जुलै २०२५

प्रिय गिरिजा,

आधी हे वाच: आई सुखरूप आहेत. दुपारचं जेवून आन्याच्या शेजारी आडव्या झाल्या आहेत, मला त्या इथून दिसताहेत. गेल्या आठवड्यात आपण दोनदा फोनवर बोललो, पण रडण्यापलीकडे काही झालं नाही. ‘तिला नीट सगळं लिही, माझ्याने लिहवत नाही,’ असं आईंनीच सांगितलं, म्हणून लिहिते.

माझं पत्र तुला मिळालं तेव्हा त्या विमानात होत्या. त्यात तुझा दोष नाही.

मी काही दिवस कामावर गेलेच नव्हते. दाराला खुर्ची लावून बसायचे, खाली गाडीचं दार वाजलं की आन्याला घेऊन बाथरूममध्ये जायचे. ती विचारायची, “Is it a game?” मी हो म्हणायचे. पण त्या शनिवारी पुतळ्यांना मत द्यायचा दिवस होता, रस्त्यावर गर्दी असणार होती आणि बार्ब एकटी होती. भरगर्दीत तो काय करणार, असं मी मनाला समजावलं. आन्याला ऑफिसात सोडलं आणि दुकानं उघडून गर्दी झाल्यावरच अस्वलापासून सुरुवात केली.

अस्वलाची पाठ घासत होते. पलीकडच्या फुटपाथवर घोडीपाशी एक बाई उभी दिसली. फिकट जांभळी साडी, पायात पांढरे बूट, आणि भर उन्हात अंगात तुझा मरून स्वेटर.

मला आधी आनंदच झाला, गिरिजा. खरं सांगते. ‘आई’ अशी हाक तोंडात आली होती. आणि मग त्यांच्या मागे तो दिसला. इस्त्री केलेला निळा शर्ट, हातात ती पुस्तिका. दुकानादुकानात शिरून मुखपृष्ठावरचा फोटो दाखवत होता. लोक त्याच्याशी हसून बोलत होते. आईंना त्याने घोडीपाशी उभं केलं होतं, चारी बाजूंनी दिसतील अशा जागी.

मी अस्वलाच्या मागे खाली बसले. त्याच्या पुढच्या पायांच्या मधून रस्ता दिसतो.

तो चष्म्यांच्या दुकानात गेला. आईंनी मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. बहुतेक बादली दिसली असेल त्यांना, फोटोतली. मला वाटलं, आता त्या हाक मारणार. मारणारच, त्यासाठीच तर आणलंय. त्यांनी हात खाली निऱ्यांपाशी नेला आणि तळवा जमिनीकडे करून दोनदा हलवला. बस. तिथेच बस.

त्यांच्या मागेच बार्बचं ऑफिस, रस्त्यालगत मोठी काच. त्या काचेवर धाडधाड आवाज सुरू झाला. आन्या दोन्ही हातांनी काच बडवत होती. “आजी! माझी आजी!” काचेतून आवाज बारीक येत होता, पण येत होता. आणि तेवढ्यात तो दुकानातून बाहेर पडला.

आईंनी मागे वळून आन्याला पाहिलं. एकदाच. मग त्यांनी खांद्यावरची पर्स उघडी करून चक्क उलटी केली आणि ओरडल्या, “अरे देवा! श्रीरंग, माझ्या गोळ्या!” गोळ्यांची डबी, चष्मा, लाडवांचा डबा, सगळं विटांवर घरंगळलं. तो चरफडत खाली वाकला. आई त्याच्या आणि काचेच्या मधे उभ्या राहिल्या, साडीचा घोळ पसरून. तेवढ्या वेळात बार्बने आन्याला उचलून आत नेलं.

तो उठला. मी त्यांचं बोलणं ऐकू शकत होते, रस्ता काही फार रुंद नाही.

“दिसली का?”

“कोण?”

“आई, तुला माहितेय कोण.”

“नाही रे. मला इथं सगळे पुतळेच दिसतात. पाय भरून आलेत, चल आता.”

“खरं सांगतेस?”

“तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”

तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि हसला. मग त्यांचं कोपर धरून त्यांना गाडीकडे घेऊन गेला. राखाडी गाडी, भाड्याची. दार उघडून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टाही त्यानेच लावला.

मी बाहेर पडले नाही. तू विचारशील, आई त्या गाडीत बसत होत्या आणि तू गप्प बसून बघत होतीस? हो. तोंडात पुसायचं फडकं कोंबून बघत होते. आपण ओरडावं, असं वाटत होतं आणि ओरडत नव्हते. गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर मग उठून ऑफिसकडे धावले.

बार्बने गाडीचा नंबर लिहून घेतला होता, पोलिसांना फोनही केला होता. आलेला अधिकारी तरुण होता. तो म्हणाला, “इथून तर तो गेला. आम्ही शोधतो त्याला. पण त्या बाई त्याच्या आई आहेत ना? मग त्यांना कसला धोका?” मी त्याला हायवेचं सांगितलं. इंग्लिशमध्ये. वकिलालाही मी ते एवढं सगळं सांगितलं नव्हतं. हात कसे मांडीवर ठेवतो ते करून दाखवलं. तो लिहिता लिहिता थांबला आणि खांद्यावरच्या रेडिओत बोलायला लागला.

मग वाट बघणं. आन्या एकच विचारत होती, “Why didn’t Aaji come in?” मनात फक्त लेन दिसत होत्या आणि ट्रक.

उन्हं कलायच्या आत फोन आला. ओहायोच्या बाजूला जाणाऱ्या हायवेवरच्या एका रेस्ट एरियात साडी नेसलेली एक म्हातारी बाई सापडली होती. रेस्ट एरिया म्हणजे हायवेच्या कडेला गाड्या थांबवून बाथरूमला जायची जागा, आजूबाजूला गाव नाही, काही नाही. तिथे झाडलोट करणाऱ्या बाईने पाहिलं, की ही केव्हाची उन्हात बाकावर बसलीय आणि जवळ पर्स नाही, फोन नाही. तिने पोलिसांना कळवलं.

बार्बने गाडी काढली. मला आता येते गाडी, पण त्या दिवशी तिने मला किल्ली दिली नाही. आई बाकावर ताठ बसल्या होत्या, हातात कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली, न उघडलेली. मला बघून उठायला गेल्या आणि गुडघ्यात वाकल्या. मी धरलं.

“काच फुटली नाही ना गं? केवढ्यांदा वाजवत होती,” एवढंच म्हणाल्या.

गाडीत काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दोन दिवसांनी पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला. मधे टेबलावर फोन ठेवला होता, त्यावर कुठूनतरी एक दुभाषी बाई बोलत होत्या, स्वच्छ मराठी. आई फोनकडे बघून बोलत होत्या, जणू बाई आत बसल्यात.

“त्याने हात काढून घेतले. म्हणाला, आई, खरं बोल, तू तिला पाहिलंस. मी म्हटलं, नाही पाहिलं. तो म्हणाला, नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, तुला ऐकू आलंय. मग मी पट्टा सोडला आणि दाराला हात घातला. म्हटलं, गाडी थांबव, नाहीतर मी उतरते अशीच. तेव्हा घाबरला तो. थांबवली. म्हणाला, उतर मग. मी उतरले. तो गेला.”

अधिकाऱ्याने विचारलं, असं त्याने पूर्वी कधी केलेलं तुम्हाला माहीत आहे का?

आईंनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. मी टेबलाकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, “हिच्याशी केलेलं मी पाहिलंय. मी मागे बसले होते. हिला मी एका शब्दाने विचारलं नाही.”

आणि त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुभाषी बाई इंग्लिश करता करता मधेच थांबल्या, ‘एक मिनिट द्या,’ म्हणाल्या. ती गोष्ट तुझ्या बाबांची होती. ती मी इथे लिहीत नाही, आई तुला स्वतः सांगणार आहेत. त्यात एक स्कूटर आहे, आंबा घाट आहे, पुढे उभा केलेला लहानगा श्रीरंग आहे आणि मागे, तुझ्या वेळचे दिवस भरत आलेल्या आई आहेत. श्रीरंग हे कुठे शिकला, ते मला त्या दिवशी कळलं. बाबांच्या फोटोला मी किती वर्षं हार घातलाय, तेही आठवलं.

तुझ्या दादाला विमानतळावर गाडी परत करताना पकडलं. आईंची पर्स आणि पासपोर्ट मागच्या सीटवरच होते, ते मिळाले. ‘आईला नातीला भेटवायला आणलं होतं, यात गुन्हा काय?’ असं तो म्हणाला म्हणे, अगदी शांतपणे. पोलिसांना तो आवडला असणार, सगळ्यांना आवडतो. दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. पायात एक पट्टा बांधलाय, तो आमच्या बाजूला यायला लागला तर पोलिसांना कळतं. सप्टेंबरमध्ये सुनावणी आहे. आई तेव्हा सांगलीहून व्हिडिओवर बोलणार आहेत. “त्याला तुरुंगात टाकतील का गं?” असं मला रोज विचारतात. मी म्हणते, माहीत नाही. मग विचारतात, “जेवत असेल का?” काल म्हणाल्या, “तरी बोलणार मी.” आणि भाजी चिरायला बसल्या.

मला अजून भीती वाटते. खोटं का सांगू? त्या पट्ट्यावर माझा विश्वास बसत नाही. राखाडी गाडी दिसली की मी आन्याचा हात इतका आवळते, की ती ‘आई गं’ म्हणते, मराठीत. रात्री आई दोनदा उठून कडी बघतात, आणि त्या झोपल्या की मी बघते. पण आज मी कामावर गेले होते. अस्वलावर पक्ष्यांनी पार रंगकाम करून ठेवलं होतं.

आता तुझं काम. आई नऊ ऑगस्टला मुंबईला उतरतील. तू स्वतः घ्यायला जा. दादाच्या कुठल्या मित्राची गाडी नको. भाड्याची कर, ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांग, घाटात तर सांगच. आईंना पुढे बसायचंय की मागे, ते त्यांना विचार. घरी पोचल्यावर आधी जेवायला घाल.

मग त्या कधीतरी बोलायला लागतील. त्या दिवशी की महिन्याने, ते मला सांगता येत नाही. बोलायला लागल्या की मधे काही म्हणू नकोस, गिरिजा. ‘बाबा असे नव्हते’ हेसुद्धा नाही. त्यांचं पूर्ण होऊ दे.

तुझीच,
अस्मिता